धरणगावच्या आबांनी नळी फ्लश केली

"नमस्कार शेतकरी मित्रहो... आपलं, पेशंट मित्रहो!"

सकाळची वेळ. मी डब्यात पोळ्या भरत होते आणि मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. स्क्रीनवर धरणगावकडचे आबा उभे. डोक्यावर टोपी, मागे हिरवीगार कपाशी, एका हातात मोठी सिरिंज आणि दुसऱ्या हातात लघवीच्या नळीचं टोक. नळी त्यांची स्वतःचीच. दुसरं टोक धोतरात गेलेलं.

"आज आपण पाहणार आहोत, कॅथेटर चोक होऊ नये म्हणून रोज सकाळी फ्लश कसा मारावा."

असं म्हणून आबांनी पिशवीपासून नळी खटकन सोडवली. तांब्यातलं पाणी सिरिंजमध्ये ओढलं आणि नळीतून वर ढकललं. मग नळी पुन्हा पिशवीला जोडली, धोतराला हात पुसले आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. "नळी एकदम क्लीअर. पुढच्या भागात आम्ल प्रक्रिया. धन्यवाद."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

मी जळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये युरॉलॉजी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. युरॉलॉजी म्हणजे किडनी, मूत्राशय, प्रोस्टेट हा सगळा लघवीचा विभाग. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. उतारवयात ती वाढते आणि लघवीची वाट अडवते. मग आम्ही लघवीच्या जागेतून एक मऊ नळी मूत्राशयापर्यंत घालतो. हा कॅथेटर. नळीचं बाहेरचं टोक एका प्लास्टिकच्या पिशवीला जोडलेलं असतं. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत पेशंट नळीसकट घरी जातो, आणि आमची खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

कारण ती नळी म्हणजे जंतूंना आयता रस्ता. म्हणून नियम साधे आहेत. नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही. पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, पण जमिनीला टेकवायची नाही. हात साबणाने धुवायचे. पाणी भरपूर प्यायचं. थंडी वाजून ताप आला तर लगेच फोन करायचा. एवढंच. पण घरी गेल्यावर हे कोणी पाळत नव्हतं. पेशंट तापाने फणफणत परत यायचे. म्हणून मी सरांच्या, म्हणजे आमच्या युरॉलॉजिस्टच्या, मागे लागून व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला. नाव ठेवलं, 'नळीची काळजी'. वॉर्डमध्ये उभं राहून स्वतःचे व्हिडिओ काढले. आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा येतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे, पण माहिती चोख होती.

प्रत्येक व्हिडिओखाली अंगठे यायचे. पेशंटचे अंगठे, त्यांच्या मुलांचे अंगठे. जोडलेले हात. गुलाबाचं फूल. मी खूश. माझी समजूत अशी की अंगठा म्हणजे समजलं.

आता ग्रुपवरच्या आबांच्या व्हिडिओखाली मी बघितलं. अंगठ्यांची रांगच लागली होती. माझ्या कुठल्याही व्हिडिओला इतके आले नव्हते. दोंडाईच्याचे शेठजी, ज्यांचं तिथे कापडाचं दुकान आहे आणि ज्यांनी माझ्या व्हिडिओखाली कधी एक शब्द लिहिला नव्हता, त्यांनी लिहिलं होतं, 'अतिशय उपयुक्त माहिती. आजपासून सुरू केले.'

मी घाईघाईने टाइप केलं, 'असे कोणीही करू नये.' माझ्या मेसेजपाठोपाठ कोणीतरी शुभ सकाळचा सूर्य टाकला, त्यावर कोणीतरी गणपती टाकला, आणि माझा मेसेज वर कुठेतरी निघून गेला.

आबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचलत नव्हते. मला वाटलं, पुढच्या भागाचं शूटिंग सुरू झालं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे केळी असो, कपाशी असो की लिंबू, शेतात ठिबक असतंच. विहिरीवरून पाइप, पाइपातून बारीक काळ्या नळ्या, त्यांना लॅटरल म्हणतात, आणि लॅटरलमधून झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी. पाण्यातले क्षार साचून नळ्या चोंदतात. म्हणून शेतकरी त्या अधूनमधून फ्लश करतो, म्हणजे जोरात पाणी सोडून धुतो. तेवढ्याने भागलं नाही तर पाण्यातून आम्ल सोडतो. आम्ल म्हणजे अ‍ॅसिड. आणि आबा म्हणजे साधे शेतकरी नव्हेत. पंचक्रोशीत कोणाचं ठिबक बिघडलं की आबांना बोलावतात. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात ते स्टेजवरून भाषण करतात. त्यांच्या गावच्या ठिबकच्या ग्रुपचे अ‍ॅडमिनही तेच.

त्यामुळे 'आम्ल प्रक्रिया' हे शब्द ऐकून मी पोळ्या तशाच टाकून हॉस्पिटलकडे का धावले, हे आता लक्षात येईल.

हॉस्पिटलला पोचले तेव्हा सर चहा पीत होते.

"सर, धरणगावच्या आबांनी कॅथेटर फ्लश केला."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"कोणीच नाही. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं."

मी व्हिडिओ दाखवला. सरांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे सिस्टर, तुमच्या ग्रुपवर तुमचेच पेशंट इन्फेक्शन कसं करून घ्यावं ते एकमेकांना शिकवतायत."

"हो सर."

"गेल्या वेळी यांचं ऑपरेशन आपण तापामुळेच पुढे ढकललं ना?"

तेच तर. लघवीत जंतू असताना ऑपरेशन केलं तर ते रक्तात जाऊ शकतात, आणि मग जिवाशी खेळ. म्हणून आबांची पहिली तारीख रद्द झाली होती. नवी तारीख पुढच्या आठवड्यात होती. त्यांच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आबांनी घरात जाहीर करून टाकलं होतं की लघवीची पिशवी घेऊन मी मांडवात पाय ठेवणार नाही. नात म्हणे रोज रडायची. आजोबांच्याच मांडीवर वाढलेली पोर. ही तारीखही हुकली तर लग्नाआधी ऑपरेशन होणं शक्य नव्हतं.

"आणि ठिबकला आम्ल कुठलं वापरतात?" सरांनी विचारलं.

"फॉस्फरिक, नाहीतर हायड्रोक्लोरिक. माझ्या भावाकडे कॅनच असतो."

सरांनी कप खाली ठेवला. "अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन जा. आत्ता."

अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन जायला नको होतं. पण त्या वेळी दुसरी गाडी नव्हती. गावात शिरताच पोरंटोरं मागे धावायला लागली. आबा मळ्यात आहेत असं कळलं, तेव्हा गाडी मळ्याकडे वळवली. तर मोटरसायकली मागे, त्यांच्या मागे एक ट्रॅक्टर. मळ्यात पोचेपर्यंत अर्धं गाव गोळा झालं होतं. मी दार उघडून खाली उतरले तर एका म्हातारीने तोंडाला पदर लावून अहिराणीत विचारलं,

"आबा गया का वं माय?"

"कोन गया?" फिल्टरच्या टाकीमागून आबाच बाहेर आले. हातात पाना. खांद्यावर शबनम झोळी, आणि तिच्यात लघवीची पिशवी. लोकांना दिसू नये म्हणून. म्हणजे पिशवी कमरेच्या चांगली वीतभर वर. पिशवी वर गेली की तिच्यातली लघवी उलटी आत जाऊ शकते, हे मी एका अख्ख्या व्हिडिओत सांगितलं होतं. त्यालाही आबांचा अंगठा आला होता.

विहिरीच्या कठड्यावर आम्लाचा निळा कॅन ठेवलेला. मी आधी तोच उचलला.

"आबा, हे आत घातलं का?"

"कशामा?"

"नळीत!"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मूर्ख ठरले. "मी येडा शे का? ते कपाशीना ठिबकसाठे शे. नळीले अ‍ॅसिड कोन टाकी?" मग खिशातून अर्धं कापलेलं लिंबू काढलं. "नळीले लिंबू."

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच रागही. लिंबू हिसकावून घेतलं. आधी शबनम उतरवायला लावून पिशवी कमरेखाली आणली आणि मग सुरू झाले. जोड उघडला की हवेतले, हातावरचे, पाण्यातले जंतू आत जातात. तुमची पहिली तारीख यामुळेच गेली. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मना हात धुयेल ऱ्हातस," आबा म्हणाले. "सिरिंज उकळेल शे. वासरूना डॉक्टरनी दिधेल शे."

"जनावरांची सिरिंज?"

"उकळेल शे म्हनी सांगस ना. आनि पानी मन्हा इहीरनं. बठ्ठा गाव पेस."

एव्हाना तो 'बठ्ठा गाव', म्हणजे सगळं गाव, आमच्याभोवती गोल करून उभं होतं. मी जरा शहाणपणा करायचं ठरवलं. म्हटलं, "आबा, तुम्ही ठिबकमधले जाणकार. लॅटरलला जिथे जोड असतो तो उघडा टाकून ठेवता का? माती नाही का जाणार?"

"म्हनीसन तं फ्लश करनं पडस," आबा म्हणाले. "मी इचारस, तुमना हाई नळीले फ्लश व्हॉल्व कोठे शे? देयेल नही. डिझाइनमाच चूक शे."

गर्दीतून हशा झाला. कोणीतरी म्हणालं, "बरोबर शे, आबा." नर्सिंगच्या अभ्यासात फ्लश व्हॉल्व नव्हता.

अक्का, म्हणजे आबांची बायको, इतका वेळ बांधावर उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "सिस्टर, रातभर यास्ले थंडी वाजी ऱ्हायनती. सांगू नको म्हनेत."

मी आबांच्या मनगटाला हात लावला. तापलेलं. उन्हाचं नव्हे, आतलं.

त्या क्षणी मला खरंच भीती वाटली. हसत बोलणारा हा माणूस दोन दिवसांत आयसीयूमध्ये जाऊ शकतो, हे त्या गोलातल्या कोणालाच माहीत नव्हतं. मी शहाणपणा सोडला आणि जे पहिलं डोक्यात आलं ते विचारलं.

"आबा, तुम्ही लॅटरल फ्लश करता तेव्हा पाणी कुठून येतं?"

"इहीरकथून."

"आणि घाण कुठून पडते?"

"शेवटना टोकथून. बाहेर."

"आता हे बघा." मी त्यांच्या पोटाकडे, मूत्राशयाच्या जागी बोट दाखवलं. "विहीर इथे आहे. पिशवी हे शेवटचं टोक. तुम्ही सिरिंज कुठून मारता?"

आबा नळीकडे बघत राहिले. मग पोटाकडे. मग पुन्हा नळीकडे. गर्दीतल्या एका पोरसवदा शेतकऱ्याला आधी कळलं. "आबा, तुम्ही तं बठ्ठी घान इहीरमा लोटी ऱ्हायनात!"

पुन्हा हशा. या वेळी आबांवर.

मला तो हशा आवडला नाही, पण घाव बसला होता. आबा कठड्यावर बसले. पाना बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग फ्लश करना कसा?"

"वरून. विहिरीत पाणी वाढवा. पाणी प्या. दिवसभर प्या. तोच तुमचा फ्लश."

"पानी पिधं की पिशवी भरस. चार मानसंमा ती खाली करनी पडस." हे मात्र ते हळू आवाजात म्हणाले. म्हणजे पाणी कमी, म्हणून लघवी घट्ट, म्हणून नळी चोंदते, म्हणून फ्लश. लाज एकीकडे आणि ताप दुसरीकडे, मध्ये सगळं ठिबकचं शास्त्र.

आबा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या शेजारीच बसले. आडवं पडायला साफ नकार. "आडा पडनू तं लोके समजतीन, खरंच गया." निघताना त्यांनी काचेतून सगळ्यांना हात केला आणि पिशवी पायाशी, गाडीच्या फरशीला न टेकवता, स्वतःच धरून ठेवली.

वॉर्डमध्ये नवी नळी घातली, लघवी तपासायला पाठवली, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. सर म्हणाले, ताप उतरला आणि रिपोर्ट स्वच्छ आला तर ठरल्या तारखेला ऑपरेशन, नाहीतर नाही. आबांनी मान हलवली आणि तांब्याभर पाणी प्यायले.

पण आबा एकटे नव्हते. ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता. मी एकेकाला फोन लावत सुटले. दोंडाईच्याचे शेठजी फोनवर अगदी निवांत होते.

"सिस्टर, काळजी नका करू. आम्ही आरओचंच पाणी वापरलं."

"शेठजी, पाण्याचा प्रश्न नाही. जोड उघडायचाच नाही."

"पण आबांनी तर उघडला."

"आबा आता अ‍ॅडमिट आहेत."

"असं? ते काही दुसऱ्या कारणाने असेल. माणूस जाणकार आहे."

शेठजींना मी असाल तसे तपासणीला या म्हणून बजावलं, पण मला कळून चुकलं. हॉस्पिटलने सांगून हे थांबणार नव्हतं. थांबवलं तर आबांनीच थांबवायला हवं होतं. मी त्यांच्या कॉटपाशी गेले.

"आबा, दुसरा व्हिडिओ काढा. मी चुकलो, असं कोणी करू नका, एवढंच म्हणा."

"मी चुकनू?" आबा उठून बसले. "मेळावामा मनं भाषण ऱ्हास. गाव काय म्हनी?"

"गावाने मळ्यातच म्हटलं."

"ते मळामा. मोबाइलवर तं बठ्ठा जिल्हा शे."

अक्का मध्ये पडल्या, "मराले चालनात आनि इज्जतना हिशेब करी ऱ्हायनात!" तरी म्हातारा ऐकेना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. व्हिडिओ काढतो, पण शब्द माझे. मी कबूल झाले. दुसरा इलाज नव्हता. मोबाइल मीच धरला.

आबांनी टोपी सारखी केली, सलाईनचा हात चादरीखाली घेतला आणि मेळाव्याच्या मराठीत सुरू झाले.

"नमस्कार पेशंट मित्रहो. मागील भागातील फ्लशची पद्धत तात्काळ बंद करावी. आपल्या मूत्राशयाला विहीर समजा. पिशवीच्या टोकाकडून पाणी मारल्यास सर्व घाण विहिरीत जाते. फ्लश हा नेहमी विहिरीकडून, म्हणजे पाणी पिऊन करावा. पिशवी कमरेखाली ठेवावी. ज्यांनी फ्लश मारला असेल त्यांनी आजच तपासणी करून घ्यावी. ही बाब हॉस्पिटलकडून आपल्याला आधी नीट समजावून सांगण्यात आली नव्हती, ती आता मी सिस्टरांच्या लक्षात आणून दिली आहे. धन्यवाद."

खरं सांगते, मला असा संताप आला की मोबाइल हातातून पडता पडता वाचला. इतके दिवस घसा फोडून सांगत होते, आणि स्वतःच्याच बदनामीचं शूटिंग स्वतःच करत होते. सर दारात उभे होते.

"सिस्टर, हे असंच टाकणार?"

"टाकते सर. त्यांचं ऐकतात."

टाकला. अंगठे पडायला लागले. पण या वेळी अंगठ्यांच्या मागोमाग फोनही आले. शेठजी दुसऱ्याच दिवशी दोंडाईच्याहून रेल्वेने तपासणीला आले आणि पिशवी कमरेखाली लटकवून, भर वेटिंग हॉलमध्ये, न लाजता बसले. "आबांनी सांगितलंय," म्हणाले. ज्यांनी ज्यांनी सिरिंज हातात घेतली होती ते सगळे एकेक करून आले. एक-दोघांना औषध लागलं, बाकीचे वेळेत बचावले.

आबांचा ताप उतरला. रिपोर्टचा कागद लॅबमधून आला तेव्हा मी तो कॉरिडॉरमध्येच उघडला. लघवी स्वच्छ. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, नळी निघाली, आणि आबा नातीच्या मांडवात फेटा बांधून, खांद्यावर शबनम न घेता मिरवले. अक्कांनी लग्नाच्या बुंदीचा डबा वॉर्डला पाठवला.

आबा अजून ग्रुपमध्ये आहेत. नळी गेली, आता लेफ्ट व्हा, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, मार्गदर्शनासाठी राहतो. राहू दे म्हटलं. मी टाकलेली सूचना ते खाली विहीर, मोटार, लॅटरलच्या भाषेत पुन्हा लिहितात, आणि लोक तीच वाचतात.

मी मात्र माझी पद्धत बदलली. आता अंगठा चालत नाही. पेशंटने घरी पिशवी कशी लटकवली त्याचा फोटो पाठवायचा. त्यामुळे जेवताना माझ्या मोबाइलवर नुसत्या लघवीच्या पिशव्या येत असतात, पण त्याला इलाज नाही. आणि नळीसकट घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, तुम्ही कामधंदा काय करता? धंदा कळला की हा माणूस नळीचं नेमकं काय वाटोळं करणार, याचा अंदाज येतो.

परवा एक नवीन पेशंट घरी जायला निघाले. मी सगळं समजावून सांगितलं. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाला एक छोटा फुगा असतो, तो आम्ही पाणी भरून फुगवतो, त्याला तुम्ही काही करायचं नाही, हेही सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, नळी बोटांनी चाचपून बघत होते. फॉर्मवर सही घेता घेता मी सहज विचारलं.

"काय करता तुम्ही?"

"पाळधीले हायवेवर मनं पंक्चरनं दुकान शे."

मी पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.